चीची मुसलमान झाली. आता तिच्या आईपुढे उदबत्ती कोण लावणार?

नीलाक्षी_सुराबाया (धागालेखिका)

सुराबायात येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली. नवरा इथल्या एका सूतगिरणीत आहे. शेजारी चिनी वंशाचं कुटुंब राहतं: चीची, तिचा कॉलेजात जाणारा मुलगा आणि वरच्या मजल्यावर देव्हाऱ्यापाशी राहणारी तिची एक्याऐंशी वर्षांची आई. 'चीची' म्हणजे थोरली बहीण. चिनी घरातल्या आपल्यापेक्षा मोठ्या बाईला इथे सगळे तशीच हाक मारतात. तिचं लोखंडी सामानाचं दुकान आहे, खिळ्यांपासून पत्र्यापर्यंत सगळं मिळतं.

दोन महिन्यांपूर्वी चीचीने इस्लाम स्वीकारला. गादिंग रस्त्यावर चेंग हो मशीद आहे. लाल, पिवळी, हिरवी, वर पॅगोड्यासारखं आठकोनी छत; पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला चिनी देऊळच वाटलं होतं. तिथे तिने शहादा, म्हणजे इस्लाम स्वीकारताना म्हणायची साक्ष, म्हटला तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते. उस्ताद, म्हणजे धर्मशिक्षक, एकेक शब्द सांगत होते, ती मागून म्हणत होती. दहा मिनिटांत सगळं झालं. मग प्रमाणपत्र मिळालं. ते दाखवून ओळखपत्रावरचा धर्म बदलून घ्यायचा असतो.

लग्नासाठी केलं म्हणावं तर तसं काही नाही. नवरा जाऊन सात वर्षं झाली. तिच्या आजारपणात दुकानातल्या दोन मुसलमान कामगार बायकांनी तिचं सगळं केलं, त्यांच्याबरोबर ती पहाटे नमाजाच्या वेळी उठायला लागली, आणि तिथून हे सुरू झालं असं ती सांगते.

आई एका शब्दानेही रागावली नाही. मला मात्र बोलावून विचारलं, "मी गेल्यावर माझ्यापुढे हिओ कोण लावणार?" हिओ म्हणजे पूर्वजांपुढे लावायची उदबत्ती. मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून इथे विचारते आहे. १९९८ च्या चिनीविरोधी दंगलींत ज्यांची दुकानं जाळली गेली, त्या समाजातली माणसं बहुसंख्यांचा धर्म का घेतात? घेतल्यावर ती चिनी उरतात का? आणि एक अगदी घरगुती प्रश्न: पुढच्या महिन्यात इमलेक, म्हणजे चिनी नववर्ष. दरवर्षी मी त्यांच्याकडे करंज्या घेऊन जाते. यंदा जावं की नको?

गवतीचहा

ताई, वाचताना त्या आजींच्या प्रश्नाशी थांबले. करंज्या नक्की घेऊन जा. बाकीचं जाणकार सांगतील.

बाणेदार

मला यात गूढ काही दिसत नाही. मे १९९८ मध्ये जाकार्ता आणि सोलोत लोक दुकानांच्या शटरवर 'मिलिक प्रिबुमी', म्हणजे 'मालक इथलाच भूमिपुत्र', असं रंगवत होते. कुणी 'मुसलमानाचं दुकान' असं लिहीत होते, जमावाने पुढे जावं म्हणून. ज्या समाजाने हे पाहिलं, त्यातल्या कुणी धर्म बदलला तर त्यामागे भीती आहेच. उघड नसेल, पण आत आहे. चीचीला ती जाणवतही नसेल.

कोरा_कागद

बाणेदार, तुमचा मुद्दा कळतो, पण आकडे त्याच्या विरुद्ध जातात. २०१० च्या जनगणनेत इंडोनेशियात स्वतःला चिनी वंशाचे म्हणवणारे सुमारे २८ लाख होते. त्यातले जवळजवळ निम्मे बौद्ध, त्याखालोखाल ख्रिस्ती. मुसलमान पाच टक्क्यांच्याही आत. नुसत्या भीतीने धर्म बदलत असते तर हा आकडा असा दिसला नसता.

खरा दट्ट्या १९६५ नंतर आला. कम्युनिस्टांची कत्तल झाली, त्यानंतर 'धर्म नाही' म्हणजे 'कम्युनिस्ट' असं समीकरण झालं, आणि सरकारमान्य धर्मांपैकी एक जवळ असणं ही जीव वाचवायची गोष्ट झाली. १९६६ पासून चिनी नावं बदलून इंडोनेशियन नावं घ्यायला लावली, चिनी शाळा बंद केल्या. १९६७ च्या १४ क्रमांकाच्या अध्यक्षीय आदेशाने चिनी सण चार भिंतींच्या आत गेले. त्या काळात लोक चर्चमध्ये गेले, विहारात गेले. मशिदीकडे फार थोडे वळले, कारण त्यांच्या मनात तो धर्म 'त्यांचा' होता. तेव्हा चीची सोपी वाट धरून गेली असं मला तरी म्हणवत नाही.

इतिहासवेडा

दोघेही १९६५ आणि १९९८ वर थांबलात. थोडं मागे जाऊ या.

झेंग हे हा चिनी सम्राटाचा दर्यासारंग; इथली चेंग हो मशीद त्याच्याच नावाची. त्याच्या आरमाराबरोबर मा हुआन नावाचा दुभाषा होता. तो स्वतः मुसलमान, चीनच्या शाओशिंगकडचा. आपल्या कालिकतलाही येऊन गेला. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या माणसांचे त्याने तीन वर्ग लिहून ठेवले आहेत: पश्चिमेकडून आलेले मुसलमान व्यापारी, स्थानिक लोक, आणि ग्वांगडोंग, झांगझौ, च्वानझौ इथून येऊन राहिलेले चिनी. या चिन्यांतल्या पुष्कळांनी इस्लाम घेतला आहे आणि ते उपवास पाळतात, असं तो म्हणतो. ही गोष्ट पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची! तेव्हा जावाच्या आतल्या भागात मजापहितचं हिंदू-बौद्ध राज्य होतं. म्हणजे ज्या काळात बहुतेक जावा मुसलमान झाला नव्हता, त्या काळात सुराबाया-ग्रेसिकच्या बंदरांत चिनी मुसलमान होते. नीलाक्षीताई, तुम्ही राहता तो हाच किनारा.

मग ऑक्टोबर १७४०. डचांच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, चिन्यांची कत्तल झाली. मेलेल्यांचा आकडा दहा हजारांच्या आसपास सांगतात. त्यानंतर अनेक चिनी मुसलमान झाले. इथे बाणेदारांचं म्हणणं पटतं, भीती होतीच. शिवाय चिन्यांवरची डोईपट्टीही चुकत असे, म्हणून डच कंपनीला ही धर्मांतरं रुचत नसत. या लोकांना 'पेरानाकान' म्हणत. आज तो शब्द मिश्र वंशाच्या, जावात जन्मलेल्या सगळ्याच चिन्यांना लागतो, पण त्या काळी बटाव्हियात त्याचा अर्थ मुसलमान झालेला चिनी असा होता. १७८६ मध्ये त्यांनी बांधलेली केबोन जेरुक मशीद जाकार्तात अजून आहे. पुढे ती तबलिगी जमातचं इंडोनेशियातलं केंद्र झाली. जमात निघाली दिल्लीजवळच्या मेवातात, आणि तिचं बस्तान बसलं चिन्यांनी उभारलेल्या मशिदीत.

त्या पेरानाकानांचे वंशज कुठे गेले? कुठेच नाही, दोन-तीन पिढ्यांत ते जावाच्या समाजात असे मिसळले की वेगळे ओळखू येईनात. माझ्या मते 'चिनी उरतात का' या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे: जुन्या काळी बहुधा उरत नसत.

गवतीचहा

बाप रे. वाचनखूण साठवली.

पेनांगकर

आम्ही अकरा वर्षं मलेशियातल्या पेनांगला. सीमेच्या अलीकडे प्रश्न अगदी वेगळा होतो, म्हणून लिहितो.

मलेशियाच्या घटनेच्या १६० व्या कलमात 'मलय' कोण याची व्याख्या आहे: जो इस्लाम पाळतो, मलय भाषा बोलतो, मलय रीती पाळतो तो. मलय माणूस मुसलमान असणारच, हे कायद्यानेच ठरलेलं. त्यामुळे एखादा चिनी मुसलमान झाला की त्याचे नातेवाईक म्हणतात 'मासुक मलायू', मलय झाला. नावापुढे 'बिन अब्दुल्ला' लावायची जुनी पद्धत, म्हणजे बापाचं नावही गेल्यासारखं. आता मूळ आडनाव ठेवता येतं, पण लोकांच्या मनातलं ते 'गेला' काही जात नाही.

आणि परतीची वाट जवळजवळ बंद. मुसलमानाच्या इस्टेटीत बिगरमुसलमान नातलगांना सहज वाटा मिळत नाही. माणूस वारल्यावर तो मुसलमान होता की नव्हता यावरून मृतदेहासाठी कोर्टात भांडणं झाली आहेत. म्हणून इथल्या चिनी आईबापांची धास्ती धर्मापेक्षा या गोष्टींची असते: पोर आपल्या अंत्यविधीला कसं उभं राहणार, आणि आपण त्याच्या?

दुसरी बाजूही सांगतो. चिनी मुसलमानांची संघटना इथे १९९४ पासून आहे आणि ती आवर्जून सांगते की मुसलमान व्हायला मलय व्हावं लागत नाही. केलांतानमध्ये थायलंडच्या सीमेजवळ चिनी घाटाची एक मशीद आहे, लोक तिला 'बेजिंग मशीद' म्हणतात. मी तिथे गेलो होतो. चीनमध्ये इस्लाम हजार वर्षांहून जुना आहे, हे त्या इमारतीकडे पाहून न बोलता कळतं.

कोरा_कागद

पेनांगकर, उत्तम माहिती. इंडोनेशियात कायदा असा घट्ट बांधलेला नाही, पण १९७४ च्या विवाह कायद्याने लग्न ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे व्हायला हवं. त्यामुळे दोन धर्मांतली जोडपी बहुधा एकाचा धर्म बदलून मोकळी होतात. चिनी मुसलमानांत लग्नातून आलेले बरेच असतात ते यामुळे. चीचीचं तसं नाही, म्हणूनच तिची गोष्ट मला जास्त भिडली.

वर्धाकाठ

मी या विषयातला नाही, तरी लिहावंसं वाटलं. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होते. पांढरे कपडे उसने आणून घातले होते, असं सांगायचे. ते धर्मांतर लाखोंनी मिळून केलं. घरी परत आले तेव्हा अख्खी वस्तीच बौद्ध झालेली. देव्हाऱ्यातले देव काढताना आजी रडली, पण शेजारच्या चार घरांतही तेच चाललं होतं.

चीची मात्र एकटी गेली आहे. जिन्याखाली ती मुसलमान आणि जिन्यावर आईचा देव्हारा. आमच्या आजोबांना जे धैर्य लागलं ते जगाविरुद्धचं होतं. हिला स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर रोज लागत असणार. 'का केलं' हे विचारण्याआधी मला तिला नमस्कार करावासा वाटतो.

रोखठोक_राव

हे सगळं ठीक, पण आपल्याकडे जे चाललंय त्यावर कोणी बोलणार की नाही?

नीलाक्षी_सुराबाया

रोखठोकराव, हात जोडून विनंती, तो विषय इथे नको. त्यावर इथेच शंभर धागे आहेत. माझ्या शेजारणीच्या घराबद्दल बोलू या.

इतिहासवेडा

वर्धाकाठ यांचा प्रतिसाद वाचून एक माणूस आठवला. योग्याकार्तात चिन्यांचा कपितान, म्हणजे राजवटीने नेमलेला मुख्य, होता, तान जिन सिंग. १८१२ मध्ये इंग्रजांनी सुलतानाचा वाडा घेतला, त्यात त्याने मदत केली. नव्या सुलतानाने त्याला तुमेंगुंग सेचोदिनिंग्रात असा किताब देऊन थेट रीजंट, म्हणजे जावाच्या सरदारांच्या बरोबरीचा अधिकारी, केलं. त्याने इस्लाम घेतला, जावाच्या सरदारासारखा राहू लागला. परिणाम? चिनी त्याला आपला म्हणेनात, जावाचे सरदार त्याला आपल्यात धरेनात. त्याच्यावर लोकांनी एक म्हण रचली: "चिनो वुरुंग, लोंदो दुरुंग, जावा तांगुंग." चिनी राहिला नाही, डच अजून झाला नाही, जावाचा तर अर्धामुर्धाच.

उलट उदाहरण पूर्व जावातल्या हान घराण्याचं. अठराव्या शतकात या घराण्याचा एक मुलगा मुसलमान झाला, सुरो पेर्नोलो हे नाव घेऊन कारभारात शिरला. त्याचा भाऊ हान ब्वी कोंग चिनीच राहिला आणि सुराबायात कपितान झाला. एका घराण्याच्या दोन शाखा, एक जावाच्या सरदारांची आणि एक चिनी कपितानांची, आणि दोघांनी मिळून पूर्व जावाचा मोठा मुलूख सांभाळला. तेव्हा नातं तुटायलाच हवं असं काही नाही.

खवय्या_पार्लेकर

थोडं अवांतर. चिनी स्वयंपाकातून डुक्कर काढलं तर उरतं काय, अशी मला सुराबायात जायच्या आधी शंका होती. जाऊन आलो आणि शंका पोटभर फिटली. सेमारांगची लुम्पिया, बांबूच्या कोंबांची, कोंबडी-कोळंबी घातलेली. आणि 'लोंतोंग चाप गो मेह': केळीच्या पानात उकडलेल्या भाताच्या वड्या, वर नारळाच्या दुधातलं कोंबडीचं कालवण. चिनी नववर्षाच्या पंधराव्या दिवशी खातात, पण चीनमध्ये हा पदार्थ नाही. जावाच्या चिनी घरांतच जन्मला. चीचीची आई करत असेल तर ताई, कृती टाकाच.

जाकार्तावासी

इथे येऊन वीस वर्षं होतील. पासार बारूमधल्या लाउत्झे मशिदीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. ती बाहेरून मशीद वाटतच नाही. दुकानांच्या रांगेतला एक गाळा, लाल-पिवळा रंग. १९९१ मध्ये एका न्यासाने सुरू केली, १९९४ मध्ये पुढे देशाचे अध्यक्ष झालेल्या हबीबींनी तिचं उद्घाटन केलं. गाळ्यात असण्याचा फायदा असा की ज्याला नुसतं काही विचारायचं आहे, तो बिचकत नाही. दुकानात शिरल्यासारखा शिरतो.

न्यासाला नाव आहे हाजी करीम ओई यांचं. मूळ नाव ओई त्जेंग हिएन, जन्म १९०५, पाडांगचे. तरुणपणी इस्लाम घेतला आणि बेंगकुलूत मुहम्मदिया या सुधारणावादी मुसलमान संघटनेचे पुढारी झाले. डचांनी सुकार्नोंना हद्दपार करून १९३८ मध्ये बेंगकुलूतच ठेवलं, तिथे दोघांची मैत्री जमली. १९६१ मध्ये इतरांबरोबर त्यांनी चिनी मुसलमानांची संघटना उभी केली: पर्सातुआन इस्लाम तिओंगहोआ इंडोनेशिया, आद्याक्षरांनी 'पिती'.

आता ऐका. १९७२ मध्ये 'तिओंगहोआ', म्हणजे चिनी, हा शब्द नावात चालेना. वंशावर उभी संघटना सरकारला नको होती. मग नाव झालं 'पेंबिना इमान तौहीद इस्लाम'. आद्याक्षरं तीच, पिती. पण मधला 'चिनी' पुसला गेला. २००० मध्ये गुस दुर, म्हणजे अब्दुर्रहमान वाहिद, अध्यक्ष असताना १९६७ चा आदेश रद्द झाला, आणि त्याच वर्षी संघटनेने जुनं नाव परत घेतलं. अठ्ठावीस वर्षं एका 'ति'मध्ये आपली ओळख दडवून ठेवली होती त्या लोकांनी! सुराबायाची चेंग हो मशीद त्यानंतरची, २००२ मध्ये पुरी झालेली. हुकूमशहा सुहार्तोच्या काळात तो लाल रंग आणि ते छत उघड्यावर उभं राहिलं नसतं.

युनुस जाह्या यांचंही नाव घ्यायला हवं. मूळ नाव लाउ च्वान थो, रॉटरडॅमला शिकलेले अर्थतज्ज्ञ. चिन्यांनी इथल्या समाजात पूर्ण विरघळावं या मताचे. १९६१ च्या विलीनीकरणाच्या सनदेवर त्यांची सही आहे. १९७९ मध्ये त्यांनी इस्लाम घेतला, आणि मग इतर चिन्यांना सांगत राहिले की हाच मिसळण्याचा सगळ्यात खात्रीचा रस्ता.

बाणेदार

कोरा_कागद आणि इतिहासवेडा, तुमच्यामुळे माझं मत थोडं सरकलं, हे मान्य करतो. पण जाकार्तावासी, शेवटचा परिच्छेद वाचून मला पुन्हा अस्वस्थ वाटलं. अल्पसंख्याकाने सुरक्षित राहण्यासाठी विरघळावं, आणि त्यासाठी धर्म हे साधन, हे कितीही सद्भावनेने सांगितलं तरी त्यात ओझं कुणावर टाकलं? ज्याचं दुकान जळलं त्याच्यावर. जाळणाऱ्याने काय बदलायचं, याबद्दल एक अक्षर नाही.

जाकार्तावासी

हा आक्षेप रास्त आहे, आणि इथले तरुण चिनी मुसलमानही तो घेतात. त्यांतले बरेच आता उलट म्हणतात: आम्ही मुसलमान आहोत आणि चिनीही आहोत, यातलं काही सोडायचं नाही. इमलेकला लाल कंदील लावतात, आंगपाव, म्हणजे लाल पाकिटातले पैसे, देतात. इमलेक हा धार्मिक सण की नुसतं नववर्ष यावर इथल्या उलेमांत एकमत नाही, तरीही साजरा करतात. २००३ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. चीची आजच्या काळात मुसलमान झाली, १९७९ मध्ये नाही, हे तिच्या बाजूने आहे.

आजीची_पाटी

इतके प्रतिसाद झाले, सगळे लेकीबद्दल. आईबद्दल वर्धाकाठ आणि पेनांगकर सोडून कुणी बोललं नाही.

माझ्या धाकट्या भावाने बारा वर्षांपूर्वी दुसरा धर्म घेतला. कुठला ते महत्त्वाचं नाही. माणूस म्हणून तो आधीपेक्षा चांगला झाला, दारू सुटली, आईला रोज फोन करतो. तरी आमची आई दर पितृपक्षात गप्प होते. तिला त्याचा राग येत नाही. तिला वाटतं आपलं पान वाढणारं कुणी नाही, मी मुलगी असून समोर बसलेली असताना! चिनी आजींचा प्रश्न वाचला आणि मला आईचाच आवाज ऐकू आला. त्यांना धर्मशास्त्र नको आहे. आपण गेल्यावर आपली आठवण कोण आणि कशी काढेल, एवढंच त्या विचारताहेत. ताई, चीचीला सांगा, त्यांच्याजवळ बसून हे बोल. आमच्या घरात बारा वर्षं कुणी बोललं नाही, आणि ते फार महागात पडलं.

सालातिगा_ते_सांगली

आजीची_पाटी यांना मनापासून दुजोरा. मी मध्य जावात सहा वर्षं काढली, तिथलं पाहिलेलं सांगतो. कदाचित आजींच्या प्रश्नाचं थोडं उत्तर यात सापडेल.

चिनी लोक एप्रिलच्या सुरुवातीला 'चेंगबेंग' पाळतात. सगळं कुटुंब पूर्वजांच्या कबरीवर जातं, गवत काढतं, दगड धुतं, खाणं मांडतं. आणि जावाचे मुसलमान रमजानच्या आधीच्या महिन्यात 'न्याद्रान' करतात: अख्खं गाव झाडू, कोयते घेऊन कबरस्तानात जातं, साफसफाई करतं, फुलं वाहतं, दुआ म्हणतं, सगळे मिळून जेवतात. माणूस गेल्यावर तिथल्या गावांत सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी आणि हजाराव्या दिवशीही शेजारीपाजारी जमून प्रार्थना करतात. चिन्यांतही सातवा, एकोणपन्नासावा, शंभरावा दिवस असतो. मुहम्मदियावाल्यांना हे पसंत नाही, नहदलतुल उलेमा या परंपरावादी संघटनेचे लोक आवर्जून करतात.

मी एका चिनी मुसलमान कुटुंबाला चेंगबेंगला पाहिलं आहे. थोरल्या सुनेने हिओ लावला, मुसलमान झालेल्या मुलाने तो हातात घेतला नाही. पण कबर घासून धुतली त्यानेच, आणि हात वर करून दुआ म्हटली. त्याच्या बहिणी शेजारी उभ्या होत्या. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

नीलाक्षी_सुराबाया

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, मधे इमलेक होऊन गेला. काय झालं ते सांगते.

सालातिगा_ते_सांगली यांचा आणि आजीची_पाटी यांचा प्रतिसाद मी चीचीला इंडोनेशियनमध्ये करून वाचून दाखवला. ती दुकानाच्या गल्ल्यावर बसून रडली. त्याच रात्री ती वर आईकडे गेली. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

इमलेकच्या सकाळी करंज्या घेऊन गेले. दाराला लाल कंदील होते, चीचीने स्वतः लावलेले. वर देव्हाऱ्यासमोर नातवाने हिओ लावला. चीची तिथेच होती. तिने राखेचं भांडं आधीच घासून लख्ख केलं होतं, वडिलांच्या फोटोची काच पुसली, चहाचे तीन छोटे पेले भरून ठेवले आणि दोन पावलं मागे येऊन उभी राहिली. आजी मला म्हणाल्या, "एप्रिलमध्ये ही येणार आहे कबर धुवायला. हिचा हात जड आहे, नातवापेक्षा चांगली धुते." मग दुपारचा बांग ऐकू आला आणि आजींनीच तिला म्हटलं, जा, तुझी वेळ झाली.

बाणेदार, भीतीबद्दल मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "९८ साली मी मुलगी होते, तेव्हा भीती होती. आता नाही म्हटलं तर खोटं होईल. पण त्या भीतीने पहाटे कुणी उठत नाही."

खवय्या, लोंतोंगची कृती आजी तोंडी सांगतात, मापं नाहीत. लिहून घेतेय.

गवतीचहा

करंज्या किती नेल्या होत्यास ताई?

नीलाक्षी_सुराबाया

एकवीस. दोन आजींनी देव्हाऱ्यावर ठेवल्या, पाच चीचीने दुकानातल्या त्या दोन बायकांसाठी बांधून घेतल्या. बाकीच्या नातवाने उभ्या उभ्या संपवल्या.